स्लॅबच्या कठड्यावर पिक्सेल एलईडी एकसारख्या अंतराने कसे बसवायचे? (दिवाळी, ९.६ मीटर दर्शनी बाजू)

सपरी_आर्वी

घर आर्वी तालुक्यात, गावठाणातच. वर स्लॅबचा कठडा, समोरून सरळ ९.६ मीटर (साडेएकतीस फूट). त्याच्या खाली पुढे टिनाची सपरी (उतरते छप्पर). कठड्याच्या वरच्या कडेला एका ओळीत पिक्सेल (प्रत्येकाचा रंग वेगळा बदलता येतो असे दिवे) लावायचे आहेत. डब्ल्यूएस२८११ चिपचे १२ मिमी बुलेट, १२ व्होल्ट, ५० नगांची माळ असा माल बघून ठेवला आहे, अजून घेतला नाही. कंट्रोलर म्हणून ईएसपी३२ (वायफायचा छोटा बोर्ड) वर डब्ल्यूलेड (मोबाइलवरून दिवे चालवायचे सॉफ्टवेअर).

माळ नुसती खिळ्यांना अडकवली की झोळ पडतो, कुठे दाट कुठे विरळ दिसते. तसे नको आहे. दोन नगांत अंतर किती धरायचे अन् ते कशावर पक्के करायचे? सप्लाय किती अँपिअरचा? सपरीच्या टिनाला भोक न पाडता कडेने एक ओळ जमेल का? आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० वर उतरतो, हेही धरून सांगा. धनत्रयोदशीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत ठेवून नंतर सगळे उतरवायचे आहे.

सूत_ओळंबा

अंतर शिडीवर उभे राहून धरायचे नसते. ते जमिनीवर, पट्टीवर धरायचे. वर फक्त पट्ट्या चढवायच्या. एवढे पाळले की अर्धे काम झाले.

या माळेत दोन नगांमधली तार साधारण १० सेंटिमीटर असते. तार ताणून १० वर बसवू नका, नगाच्या मागच्या सांध्याला ओढ बसते अन् पाणी तिथूनच शिरते. तुमच्या मापाला ८० मिमी अंतर छान बसते: ९६०० भागिले ८० म्हणजे १२० नग. आता पट्टी. पीव्हीसी केसिंग (वायरिंगची चपटी पट्टी) दुकानात २ मीटरची म्हणून मिळते, पण मोजली तर कमी भरू शकते. म्हणून पाचही पट्ट्या १९२० मिमीला कापा. पाच पट्ट्या गुणिले १९२० बरोबर ९६०० अन् प्रत्येक पट्टीवर २४ नग.

पहिले भोक टोकापासून ४० मिमीवर, म्हणजे अर्ध्या अंतरावर घ्या. मग १२०, २००, २८० असे करत शेवटचे १८८० वर येते, पुढे पुन्हा ४० उरतात. दोन पट्ट्या टोकाला टोक लावल्या की सांध्यावरही ८० च राहतात. पहिले भोक टोकाशी घेतले तर प्रत्येक सांध्यावर दोन दिवे चिकटून दिसतात. अन् ते लांबून सगळ्यात आधी दिसते.

खुणा करताना स्टीलचा टेप एकदा शून्यावर लावा अन् तो न हलवता सगळ्या खुणा मारा. आधीच्या भोकापासून पुढचे ८० मोजत जाल तर दर वेळी अर्धा मिलिमीटर सरकला तरी चोविसाव्या भोकापर्यंत ११-१२ मिमी फरक पडतो. पहिली पट्टी नीट झाली की तीच साचा म्हणून वापरा. दुसऱ्या पट्टीवर ठेवून दोन्ही टोकांना क्लँप मारा अन् भोकातून खूण करा. दुसरीवरून तिसरी, तिसरीवरून चौथी असे करू नका, चूक वाढत जाते.

भोक १२ मिमी. साधा ट्विस्ट बिट पातळ पीव्हीसी फाडतो. स्टेप ड्रिल (पायऱ्या-पायऱ्यांचा निमुळता बिट) वापरा, खाली लाकडी फळी धरा, वेग कमी. आधी तुकड्यावर दोन-तीन भोके पाडून नग घालून पाहा. नग मागून दाबला की त्याची रबरी कड थोड्या जोराने पुढे यायला पाहिजे. भोक १३ झाले तर नग मागे निसटतो. साडेअकरा राहिले तर रबर कापले जाते.

केसिंग ३२ मिमी रुंदीची घ्या, २५ मध्ये भोकाच्या दोन्ही बाजूंना जेमतेम ६ मिमी उरतात अन् पट्टी वाकते. झाकणपट्टी लावायची नाही. नगाचे मागचे अंग अन् तारेचा वळसा मावायला पट्टी अन् भिंत यांच्यात दोन इंचांची फट पाहिजे, त्यासाठी दर ५०-६० सेंटिमीटरला सागाचा गुटका. गुटका भिंतीत गिट्टी (प्लग) अन् स्क्रूने, पट्टी गुटक्याला स्क्रूने. मधला स्क्रू घट्ट, बाकीच्यांची भोके आडवी लांबट. दोन पट्ट्यांत ४ मिमी फट सोडा, त्यासाठी प्रत्येक टोकाचे दोन मिमी कापा, भोकांची मापे बदलत नाहीत. पीव्हीसी ३० अंशांच्या फरकाला दोन मीटरमागे साडेतीन-चार मिमी वाढते. ऑक्टोबरचे दुपारचे ऊन अन् पहाटेचा गारवा यात तेवढा फरक उन्हातल्या पट्टीवर सहज पडतो, अन् टोके भिडली की मधेच कमान उठते.

ओळ धरायला गवंड्याची लाईनदोरी दोन टोकांना ताणा. आता यात एक गंमत आहे. पाण्याच्या नळीने अगदी लेव्हल काढली अन् कठडाच एका बाजूला इंचभर उतरता असला तर लेव्हलमधली ओळ वाकडी दिसते. बघणाऱ्याला शेजारची कड दिसते, नळीतले पाणी नाही. कठड्याची कड सरळ असेल तर तिला समांतर चला. ती लाटेसारखी असेल तर दोन टोके धरून दोरी ताणा अन् कठड्याकडे दुर्लक्ष करा.

पन्हाळी_टिन

केसिंगपेक्षा अॅल्युमिनियमचा अँगल घ्या, दीड इंच बाय एक इंच. वाकत नाही, दरवर्षी तोच चालतो. पीव्हीसी दोन-तीन उन्हाळ्यांत पिवळी पडून तडकते.

सूत_ओळंबा

बारा महिने वरच ठेवायचे असेल तर अँगल बरोबर आहे. पण त्याच्या भोकाची कड ब्लेडसारखी राहते, दर पट्टीमागे २४ ठिकाणी कानस मारावी लागते, नाही तर रबर कापते. वर शिडीवर लांब धातू हाताळताना समोरून विजेची तार गेली असेल तर तो वेगळा धोका. कमी दाबाच्या उघड्या तारेपासून आडवे १.२ मीटर अन् ११ केव्हीच्या तारेखाली उभे ३.७ मीटर अंतर नियमात आहे, ते आधी डोळ्यांनी मोजून घ्या. तीन आठवड्यांसाठी मी केसिंगच म्हणेन.

तारजोड

विजेचा भाग मी सांगतो.

१२ व्होल्टचा नग पूर्ण तेजावर पांढरा केला तर ५० ते ६० मिलिअँपिअर घेतो. १२० नग म्हणजे ७.२ अँपिअर, ८६ वॅट. सप्लाय कधीही ८० टक्क्यांच्या वर चालवू नये, म्हणून १२ व्होल्ट १२.५ अँपिअर, १५० वॅटचा एसएमपीएस (घरच्या विजेचे १२ व्होल्ट डीसी करणारा सप्लाय) घ्या. १० अँपिअरचा कागदावर पुरतो, पण बंद डब्यात गरम होतो. प्रत्यक्षात दिवाळीचे रंग फिरवताना निम्माही भार लागत नाही, अन् ४० टक्के तेज गल्लीतून पाहायला पुष्कळ होते. डब्ल्यूलेडमध्ये करंटची मर्यादा घालून ठेवा, म्हणजे पोरांनी मोबाइलवरून पूर्ण पांढरा लावला तरी सप्लाय बंद पडत नाही.

व्होल्टेजचे: काही एसएमपीएसना बाजूला ११५/२३० चे छोटे लाल बटण असते. ते २३० वर आहे ना, हे पिन लावण्याआधी बघा. ११५ वर राहिले तर पहिल्याच क्षणी फुटतो. अन् बटणवाले बहुतेक १८० च्या खाली धड चालत नाहीत, दिवे उघडझाप करतात, कंट्रोलर पुन्हा पुन्हा चालू होतो. तुमच्या १७० ला बिनबटणाचा, लेबलवर १००-२४० लिहिलेला घ्या. स्टॅबिलायझरची गरज नाही.

माळ ५० ची अन् पट्टी २४ ची, हे जुळत नाही. मग तीन माळा घ्या अन् दोन माळांच्या शेवटच्या बाजूचे दोन-दोन नग कापून ४८ करा, कापलेल्या टोकाला निघालेली तीन पिनची जोडी पुन्हा सोल्डर करा. एक माळ दोन पट्ट्या. तिसऱ्या माळेतून २४. उरलेले ३० नग सुटे म्हणून ठेवा, ते लागतातच. माळेची दिशा असते. नगावर बाण किंवा डीआय-डीओ (डेटा आत-डेटा बाहेर) लिहिलेले असते, कंट्रोलर नेहमी डीआयच्या बाजूला. तारांच्या रंगावर विसंबू नका, कारखान्यागणिक बदलतात. लाल तार प्लसच असेल असे नाही, नगावरची अक्षरे वाचा किंवा मीटर लावा.

तिन्ही माळांना सुरुवातीलाच सप्लायमधून वेगळी प्लस-मायनस द्या. एकाच टोकातून १२० नग ओढले तर माळेतली बारीक तार गरम होते अन् शेवटचे दिवे मंद पडतात. ५ व्होल्टच्या माळेत पांढऱ्याचा शेवटी गुलाबी-लाल होतो, कारण निळ्या अन् हिरव्या एलईडीला तीनेक व्होल्ट लागतात, लालला दोनच पुरतात. १२ व्होल्टमध्ये जास्तीचा व्होल्टेज नगातच उष्णता म्हणून जातो, त्यामुळे दीड-दोन व्होल्ट कमी पडले तरी रंग टिकतो. गावात लांब तार ओढायची असेल तर १२ च घ्या. सप्लायपासून माळेपर्यंत २.५ चौमिमी तांब्याची तार: दहा मीटरला जाऊन-येऊन ७ अँपिअरवर साधारण एक व्होल्ट जातो, चालतो. १ चौमिमी ओढली तर अडीच जातात.

प्रत्येक माळेच्या प्लसवर ५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज, गाडीत असतो तोच. माळ कुठे शॉर्ट झाली तर १२.५ अँपिअरच्या सप्लायला ते कळायच्या आधी बारीक तारेचे आवरण वितळते. २३० च्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) अन् खरे अर्थिंग. पाण्याच्या नळाला गुंडाळलेली तार म्हणजे अर्थिंग नव्हे.

अन् हे तुमच्यासाठी नाही, पण मंडळवालेही वाचतात म्हणून: खांबावर आकडा टाकून रोषणाई करू नका. महावितरण उत्सवासाठी तात्पुरते मीटर देते.

संत्रा_नळी

भाऊ, टिनाच्या सपरीले भोक पाडाचं कामच नाही. ठिबकची जुनी नळी असंल तं ती काढा. १६ मिमीची इनलाइन लॅटरल, आत ड्रीपर असते ते. कपाशीसाठी ४० सेंटिमीटरची टाकली असंल तं तुमचं काम झालं समजा. ड्रीपरचं छिद्र दर ४० वर, मधात पाच भाग केले की ८-८ सेंटिमीटर. वरच्या कठड्याचंच माप खालती आलं.

नळी एक दिवस उन्हात सरळ ताणून ठेवा, बंडलाचा पीळ जाते. मंग पाडा खुणा. लय जुनी, ओढून लांबलेली नळी असंल तं पयले टेपानं चार-पाच ठिकाणी मोजा, काहून का ४० चे ४१ होऊन राहतात. नग नळीले आडवा ठेवून दोन बारीक केबल टायनं बांधा, एक नगाच्या मानेवर अन् एक मागच्या तारेवर. एकाच टायवर नग फिरते अन् मंग एक दिवा आभाळाकडे, एक अंगणाकडे. काळे टाय घ्या, पांढरे उन्हानं तुटतात. टायचं शेपूट कापलं की टोक मागं वळवा, हात कापते त्यानं.

नळी सपरीले अशी अडकवा: टिन जे-बोल्टनं (आकड्यासारखा वाकडा बोल्ट) पाइपाले बसवलं असते, त्याच जे-बोल्टाच्या खालच्या टोकाले जीआय तारेचा फासा, अन् त्यात नळी. बोल्ट ढिला करू नका, वायशर हलला की पावसाळ्यात गळते. बोल्ट दूर दूर असले तं नळी झोळ खाते, तवा नळीत आरपार १० गेजची जीआय तार घालून दोन्ही टोकांनी ताणा. ड्रीपर आत असले तं तार कदी अडकते, तवा बाहेरून बांधा.

टिनाच्या कडेवरून कोणतीच वायर उघडी नेऊ नका, वाऱ्यानं घासून घासून आवरण कापते. जिथं वायर टिनाले लागते तिथं नळीचाच वीतभर तुकडा उभा चिरून चढवा. अन् २३० ची लडी टिनावर कदीच नको. कापली तं सारी सपरीच करंटवर येते, अन् खालती गोठ्याचा खुंटा असला तं जनावर पयले जाते.

तारजोड

ही ४० ला पाच भागाची गोष्ट एकदम कामाची. कवेलूच्या घरालाही हेच करता येईल: कवेलूवर पाय न देता नळी वळचणीच्या वाशांच्या टोकांना बांधायची. फक्त सपरीची ओळ वाढली की वरचा हिशेब बदलतो. तिथेही ९.६ मीटर असेल तर आणखी १२० नग, म्हणजे दुसरा १५० वॅटचा सप्लाय. दोन सप्लायच्या मायनस एकमेकांना जोडायच्या, प्लस कधीच नाही.

सपरी_आर्वी

सगळ्यांचे आभार. माल आणला, पट्ट्या झाल्या. चाचणीसाठी एक ४८ ची माळ अंगणात लावली. कंट्रोलर घरात राउटरजवळ आहे, तिथून पहिल्या नगापर्यंत आठ मीटर तार. दिवे लागतात, पण मधूनच भलतेच रंग येतात, लुकलुकतात. हिरवा मागितला तर लाल येतो. आणि चौतिसाव्या नगानंतर सगळे बंद. माळ खराब निघाली का?

तारजोड

तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

हिरव्याचा लाल: रंगक्रम चुकला. बुलेट नगांना सहसा आरजीबी लागतो, पट्टीच्या एलईडीला जीआरबी. डब्ल्यूलेडच्या एलईडी सेटिंगमध्ये बदला.

लुकलुकणे: ईएसपी३२ चा सिग्नल ३.३ व्होल्टचा, नगातल्या चिपला साडेतीनच्या आसपास पाहिजे. जवळ असताना कसाबसा चालतो, आठ मीटरवर कोसळतो. कंट्रोलर घरातून काढून कठड्याजवळ सप्लायच्याच डब्यात ठेवा. १२ वरून ५ करायला छोटा बक कन्व्हर्टर, कंट्रोलर अन् नग यांच्यात ७४एएचसीटी१२५ (सिग्नल ३.३ वरून ५ व्होल्टला चढवणारी चिप), त्याच्या आउटपुटला १०० ओहमचा रेझिस्टर. डब्यापासून पहिला नग एक-दोन मीटरच्या आत. वायफाय तिथवर पोचतो का बघा, डबा लोखंडी नको. डेटाच्या तारेसोबत मायनसची तार बरोबरीने न्या अन् ती २३० च्या वायरला बांधू नका. नुसती डेटा तार नेली अन् मायनस दुसरीकडून आली तरी असाच तमाशा होतो.

चौतिसाव्यापुढे अंधार: या नगांत सिग्नल एकातून दुसऱ्यात जातो. दोष ३४ किंवा ३५ मध्ये, किंवा त्यांच्या मधल्या तारेत. ३५ च्या प्लस-मायनसवर मीटर लावा. १२ येत असतील तर डेटाचाच दोष. आधी ३५ बदला, नाही गेला तर ३४. कापताना मधोमध कापा, दोन्हीकडे सोल्डरला तार उरली पाहिजे. तिन्ही सांधे एकाच जागी आणू नका, दोन-दोन सेंटिमीटर मागेपुढे ठेवा अन् आत गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा. काळी टेप नको. टेपमध्ये पाणी शिरते अन् बाहेर पडत नाही.

झाडीपट्टी_२

पाण्यावरून सुचलेले. नग बंदिस्त असतात, मरतात ते सांधे. कनेक्टरच्या आतली रबरी रिंग जागेवर आहे ना बघून मगच नट आवळा. तोंड खाली राहील असे बांधा. डब्यात शिरणारी प्रत्येक वायर आधी चार बोटे खाली लोंबवून मग वर घ्या, म्हणजे थेंब खालच्या वळणावर गळतो, आत जात नाही.

सिलिकॉन लावायचा असेल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा घेऊ नका, तो तांबे खातो. न्यूट्रल क्युअर मागा.

सप्लायचा डबा हवाबंद करू नका. दिवसभर तापतो, रात्री आत दव धरते. तळाला चार भोके पाडा अन् आतून मच्छरजाळी चिकटवा. जाळी पाहिजेच. आमच्या धानाच्या भागात दिवाळीच्या सुमारास तुडतुडे दिव्यावर थवे करून येतात. तुमच्याकडे धान नसला तरी सोयाबीन निघाल्यावर किडे काही कमी नसतात. एसएमपीएसच्या पंख्यात मेलेल्या किड्यांचा थर बसला की पंखा अडतो. बिनपंख्याचा मिळाला तर तोच घ्या. रात्री जेवणाच्या वेळी ओळ निळ्या-पांढऱ्याऐवजी पिवळ्या-केशरीवर ठेवली तर किडे कमी येतात.

माकडांचे काय? गावात वानरांचा कळप फिरत असेल तर सुटी लोंबणारी वायर हातात येईल अशी ठेवायचीच नाही. पट्टीवरून ते चालत जातात, तेव्हा ५०-६० ला गुटका सांगितलाय तो ९० ला नेऊ नका.

सपरी_आर्वी

३५ वा नगच होता, बदलला. रंगक्रम आरजीबी केला, कंट्रोलर डब्यात नेतो आहे. एक शेवटचे: उतरवून ठेवताना माळ पट्टीतून काढायची की तशीच?

सूत_ओळंबा

तशीच ठेवा. नग सारखे काढ-घाल केले की भोक सैल होते. दोन पट्ट्या एका माळेच्या, म्हणून मधल्या तारेवर पुस्तकासारख्या मिटा, दिव्यांची तोंडे आत. पाठीमागे मार्करने १ ते ५ अन् डीआयच्या बाजूला बाण. गुटके भिंतीवरच राहू द्या, त्यांचे स्क्रू परत त्याच गुटक्यात अर्धे फिरवून ठेवा. मिटलेल्या पट्ट्या माळ्यावर आडव्या टाकू नका, उंदीर तारेचे आवरण कुरतडतात. आढ्याला दोन तारांच्या फाशांत लटकवा.

संत्रा_नळी

अन् ठिबकची नळी वेगळी बांधून ठेवा, नाही तं मे महिन्यात घरचेच वावरात नेऊन टाकतात.